पंचेचाळीस घोड्यांचा इंग्रजी आठ

शनिवारी संध्याकाळी डॅडी पार्किंगमध्ये पाटावर बसून गाडीच्या चेनला तेल देत होते. त्या कामासाठी ते माझा जुना टूथब्रश वापरायचे. जुना म्हणजे त्यांच्या मते जुना. माझं मत वेगळं होतं, हे रात्री दात घासायच्या वेळी माझ्या लक्षात आलं.

गाडी लाल, सेकंडहँड, ट्रॅकवर धावणाऱ्या मोटरसायकलींच्या घराण्यातली. पंचेचाळीस हॉर्सपॉवर, एकशे सहासष्ट किलो. चालवणाऱ्याने टाकीवर पालथं पडायचं आणि मान वर करून जगाकडे बघायचं, अशी तिची बैठक. डॅडी सहासष्ट वर्षांचे होते आणि त्यांना कमरेचा पट्टा होता. उत्तनहून भाईंदर पश्चिमेला राहायला येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात त्यांनी एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून हजारो पंपांची चित्रं काढली, आणि पंप ही दिसायला फार बरी वस्तू नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना सुंदर यंत्र हवं होतं.

"ह्यात एकही रेघ उगाच नाही, ऑड्रे," ते स्टीलच्या पट्टीने दाखवत म्हणाले. "ही रेघ वारा कापायला. ही इंजिनाची उष्णता बाहेर काढायला. ही सीट मागून उचललेली का? तर वजन पुढच्या चाकावर यावं म्हणून."

"आणि ही?"

"ती आपल्या सेक्रेटरींच्या, जितेंद्रभाईंच्या स्कूटरची," डॅडी म्हणाले आणि तिच्यावर फडकं फिरवलं.

ही गाडी ताशी एकशे नव्वद जाते असं तिच्या पुस्तकात लिहिलं आहे. डॅडींचा स्वतःचा विक्रम एकसष्टचा होता, आणि त्याबद्दल त्यांनी मम्मीची माफी मागितली होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ते पाव आणायला गेले. चालत. बेकरी चार बिल्डिंगा सोडून आहे आणि एवढ्या अंतरात इंजिन नीट तापत नाही. न तापवता चालवणं इंजिनाला चांगलं नाही, असं त्यांचं म्हणणं. रांगेत त्यांचा चौथा नंबर होता. ते बेकरीच्या पायरीवर बसले, मागच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही घ्या," आणि संपलं. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की पुढचे दोन महिने मला ते रोज सांगावं लागलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी मम्मीचा हात हातात घ्यायचा, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणायचा. "गाडीनेच ना?"

"नाही. पावाच्या रांगेत."

लोकांची निराशा व्हायची. काही जण खाली जाऊन गाडीच्या नाकावर पोचा आहे का ते बघून आले. मीरा रोडच्या एका मामांनी तर हार मानली नाही. "पण गाडी घेतली नसती, तर बेकरीत चालत गेले असते की नाही?"

"चालतच गेले होते, मामा."

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चुकीची माहिती पसरलेली मला सहन होत नाही, आणि एका निर्दोष यंत्रावर असा आळ आलेला तर मुळीच नाही. गाडीची बाजू घेता घेता मी तिची वकील झाले. त्यामुळे डॅडींसाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिसेनंतर टोरांटोहून माझ्या भावाचा, इव्हानचा फोन आला, की काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्या दिपेशला गाडी हवी आहे, मी नाताळला येतोय तेव्हा देऊन टाकू, तेव्हा मी म्हणाले, "गाडी माझ्याकडे राहील."

"तुला? कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, माहिती होती. "हिच्या क्लचमध्ये अशी सोय आहे," मी म्हणाले, "की गिअर एकदम खाली टाकले तरी मागचं चाक अडखळत नाही."

मग तो म्हणाला, "मम्मीला फोन दे."

मम्मी अजून उत्तनचंच बोलते, विशेषतः निकाल देताना. काळ्या ड्रेसमध्ये ती खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "तुला चालवाया येत हाय तं ठेव. ह्याच गाडीवर लायसन काढ. न्हाय तं नाताळाला इव्हान देऊन टाकल. नुसती उभी न्हाय ठेवायची. मी भाजी आणाया जाते ना, ती माझ्याकडं बघते."

ह्यात तथ्य होतं. अशा गाड्यांचे पुढचे दिवे रागावलेल्या डोळ्यांसारखे तिरपे करायची पद्धत आहे. डॅडींनी मला त्याचं कारण सांगितलं होतं: समोरच्याने बाजूला व्हावं. मम्मी महिनाभर पार्किंगमधून बाजूला होऊन जात होती.

माझ्याकडे लायसन होतं, पण बिनगिअरच्या स्कूटरचं. गिअरच्या गाडीचं म्हणजे आधी शिकाऊ, मग तीस दिवस, मग टेस्ट. दुसरीकडे गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म एकतीस, मृत्यूचा दाखला, इव्हान आणि मम्मीचं ना-हरकत पत्र. इव्हानने आपल्या पत्रात लिहिलं, 'माझी हरकत आहे, पण मी ती घेत नाही.' आरटीओच्या खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फार सभ्यपणे परत केलं. 

"मूळ मालक?" त्यांनी विचारलं.

"हयात नाहीत."

"गाडीनेच का?"

तोवर सोसायटीत वेगळंच सुरू झालं होतं. डॅडींच्या नियमानुसार गाडी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करायची. पहिल्या रविवारी मी केली. आमचे सेक्रेटरी जितेंद्रभाई टॉवेल गुंडाळून खाली आले.

"ऑड्रेबेन, मॅन्युएलभाई की बात अलग थी. ते चालू करून लगेच जायचे. तुम्ही चालू करून उभ्याच राहता."

"मला अजून चालवता येत नाही."

"तो फिर चालू क्यों करती हो?"

मी बॅटरीबद्दल, पेट्रोलच्या साक्याबद्दल, सीलबद्दल सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांची नजर छताकडे होती. त्यांच्या मते गाडीच्या कंपनाने पार्किंगचं प्लास्टर सुटत होतं. प्लास्टर पाच वर्षं सुटतं आहे. तरीही बुधवारी लिफ्टपाशी नोटीस लागली: 'दिवंगत सभासदांच्या वाहनांनी पार्किंगमध्ये आवाज करू नये.' एकच सभासद दिवंगत होता. मी नोटिशीखाली सही केली, कारण वाचल्याची सही आवश्यक असं तीत लिहिलं होतं.

गाडी चालवायला शिकवण्यासाठी मी उत्तमला गाठलं. ह्याचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक मोटार, एक शंभर सीसीची मोटरसायकल आणि स्टेशनजवळचा एक स्टूल. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि त्याने हँडल डावीकडे वळवून बघितलं. मग उजवीकडे.

"मॅडम, हे वळतच नाय."

"जेवढं डिझाइनमध्ये आहे तेवढं वळतं," मी म्हणाले. अशा गाडीची हँडलं टाकीला अगदी लागून, खाली बसवलेली असतात. जास्त वळवलं तर माणसाचे अंगठे टाकीत चेंगरतील, म्हणून ती मुळात जास्त वळूच देत नाहीत. एकशे नव्वदच्या वेगाला हँडल वळवायची वेळ येत नाही.

"पण आठला येते ना!" उत्तम म्हणाला. "टेस्टला आठ काढायचा असतो. माझी शंभर सीसी घ्या, डोळे मिटून निघतो आठ. लोकांचे निघालेत."

"ह्याच गाडीवर काढायचा आहे."

"का पण?"

"आमची घरगुती अट आहे."

उत्तमने बऱ्याच प्रकारची माणसं बघितली असावीत. त्याने पुढे विचारलं नाही.

सोसायटीत आवाज बंद, भाईंदरच्या रस्त्यावर शिकाऊ माणसाला उभं राहायला जागा नाही. म्हणून रोज दुपारी उत्तम ती गाडी उत्तनला नेऊन द्यायचा आणि मी रिक्षाने मागून जायचे. समुद्राजवळ मासळी सुकवायचं एक मोठं मोकळं मैदान आहे. त्याच्या अर्ध्या भागात बांबूच्या उंच वलांडी उभ्या असतात आणि त्यांच्यावर दोरीवर कपडे टाकावेत तसे बोंबील. उरलेला अर्धा भाग माझा.

पहिले सहा दिवस मी सरळ जाणं शिकले. सातव्या दिवशी वळणं. डॅडींनी मला एकदा पट्टी आणि पेन्सिल घेऊन समजावलं होतं की पुढचा दांडा किती तिरका आहे, चाक त्याच्यामागे किती रेंगाळतं, आणि हे दोन्ही कमी असलं की गाडी चपळ होते. चपळ ह्या शब्दाचा अर्थ मला सातव्या दिवशी कळला. मला जिथे वळायचं होतं तिथे न वळता गाडी, मी जिकडे घाबरून बघत होते तिकडे गेली. मी वलांडीकडे बघत होते.

वेग ताशी बारा होता. वाऱ्याला वाट करून देणारं ते नाक बोंबलांनाही वाट करून देईल अशी माझी अपेक्षा होती. पण त्या आकाराचा हिशेब हवेसाठी केलेला असतो. बोंबील दोन-दोन असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला, त्यामुळे ते मिळेल त्या गोष्टीवर लटकतात. आरशांवर, हँडलवर, हेल्मेटवर. गाडी थांबली तेव्हा मी सुमारे सहा फूट वलांडी नेसले होते.

ज्यांचे बोंबील होते त्या लक्ष्मीकाकी टोपली खाली ठेवून शांतपणे आल्या. त्यांनी माझ्या हेल्मेटची काच वर केली आणि आत बघितलं.

"अगो, मॅन्युएलची पोरगी ना तू?"

"हो."

"बापूस तुझा सात वरसाचा असल्यापासून हितं खेळला. येक बोंबील न्हाय पाडला त्यानं."

भरपाईचं मी बोलले, तेव्हा त्यांना राग आला. त्यांनी मला बोंबील परत टांगायला लावले. ते काम दोन दुपारी पुरलं. बोंबलाचा जबडा दुसऱ्या जबड्यात घालायला विशिष्ट कोन लागतो आणि माझे कोन चुकीचे होते, हे त्या दर पाच मिनिटांनी जाहीर करत. मी अनेक विषयांवर वाचलं आहे. ह्या विषयावर काही लिहिलेलं आढळलं नाही.

टेस्ट दहा डिसेंबरला होती. आरटीओच्या मैदानावर पांढऱ्या चुन्याने आठ काढलेला होता. हा आठ इंग्रजी असतो, दोन बंद वाटोळी आणि मध्ये फुली. आपला मराठी आठ असता तर प्रश्नच नव्हता. एक ऐसपैस वळण घ्यायचं आणि निघून जायचं. तो मी पहिल्याच प्रयत्नात काढला. इन्स्पेक्टरसाहेबांनी मात्र दुसऱ्या वाटोळ्याची वाट पाहिली.

ते टेबलामागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि जे बघायचं नाही असं ठरवलं त्याखेरीज माणसाला काही दिसत नाही. गाडी चुन्याच्या रेषा ओलांडून, उत्तमच्या "मॅडम, ब्रेक!" ह्या सूचनेसह, संथपणे त्यांच्या दिशेने निघाली. साहेब अनुभवी होते. ते उठले, खुर्ची उचलली, चार पावलं डावीकडे जाऊन परत बसले. मीही तिकडेच बघितलं.

मी साहेबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबले. इंजिन तापलं होतं, पंखा सुरू झाला, आणि फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाच्या, आत कुठेतरी राहून गेलेला एक बोंबील भाजल्याचा वास मैदानभर पसरला. रांगेतल्या मुलांनी आपापल्या गाड्यांकडे बघितलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

"नापास," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सुकट?"

"बोंबील."

"हां," साहेबांनी कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

घरी ही बातमी माझ्या आधी पोचली. जितेंद्रभाईंनी जिन्यात सांत्वन केलं. "दिपेश को दे दो, ऑड्रेबेन. लेडीज के लिए हलकी गाडी आती है, गुलाबी रंगातपण येते." मम्मीने जेवण वाढलं आणि इतकंच म्हणाली, "इव्हान चोवीसला येतो." मी दुसरी तारीख घेतली. ती बावीसची मिळाली.

त्या बारा दिवसांत मी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल संपूर्ण वाचलं. चारशे पानं, एकही विशेषण नाही. वळण्याबद्दल त्यात काही नव्हतं. डॅडींच्या तोंडी मात्र होतं. "हँडल नुसतं सांगण्यासाठी असतं, ऑड्रे. वळते ती वजनाने. झुकवायची." पण झुकवली की हळू वेगात ती पडायची. चार वेळा पडली. एकशे सहासष्ट किलो उचलायची एक पद्धत आहे, पाठ टेकवून ढकलायचं. ती मला उत्तमने शिकवली, आणि शिकवताना तो दुसरीकडे बघत होता, हा त्याचा मोठेपणा.

पाचव्यांदा पडले तेव्हा लक्ष्मीकाकी टोपलीवर बसून तंबाखू मळत होत्या.

"तू गाडीसंगं का झुकतंस?"

"वळायचं असेल तर झुकावं लागतं, काकी."

"गाडीला झुकू दे. होडी येका अंगाला कलली तं आपुन खय बसतो? दुसऱ्या अंगाला. तू तं तिच्यासंगंच पान्यात उडी मारतंस."

मी गाडीवर बसून ह्याचा विचार केला.

"आन सुकाणूकडं बघू नको," त्या म्हणाल्या. "बंदर खय हाय तिकडं बघ."

मी गाडी डावीकडे कलती केली आणि स्वतः सीटच्या उजव्या काठावर आले, वल्हं मारणाऱ्या माणसासारखी. मान वळवून पार मागे, चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं. ज्या गाडीचं हँडल वळत नाही ती गाडी वळली. इतकी लहान वळली की मी माझ्याच चाकांच्या खुणा ओलांडल्या. डिझाइन करणाऱ्या लोकांनी ताशी आठ किलोमीटर वेगात बोटीसारखं चालवण्याचा विचार केला नसावा. पण गाडीने तक्रार केली नाही.

"हां," लक्ष्मीकाकी म्हणाल्या आणि तंबाखू तोंडात टाकली. त्यांच्याकडून ह्यापेक्षा मोठं कौतुक कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

बावीसला मम्मी म्हणाली, मीपण येते. कशाला ते सांगितलं नाही. काळ्या ड्रेसवर स्वेटर घालून ती रिक्षात बसली, आणि मैदानावर एका झाडाखाली डबा मांडीवर घेऊन थांबली. उत्तमने तिला आपला स्टूल दिला. तो त्याने सोबत आणला होता.

माझं नाव पुकारल्यावर साहेबांनी खुर्ची आधीच चार पावलं डावीकडे सरकवली.

मी पहिलं वाटोळं काढलं. मधली फुली ओलांडताना गाडी सरळ केली, अंग डावीकडे नेलं, गाडीला उजवीकडे कलू दिलं. कुठेही बघितलं नाही, फक्त दूर, जिथे जायचं तिथे. दुसरं वाटोळं बंद झालं. पाय जमिनीला लागला नव्हता. रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली आणि उत्तमने दोन्ही हात वर केले, जणू आठ त्याने काढला.

साहेबांनी सही केली. शिक्का मारला. मग पेनचं टोपण लावून गाडीकडे बघत राहिले.

"मॅडम, एक विचारू? हे लिहायचं नाही, सहज विचारतोय. ह्या गाड्या पोरं घेतात, मिरवायला. तुमचं वय, तुमचं काम... सकाळी बाजारात न्यायला ही काय उपयोगाची? तुम्हाला ही कशाला हवी?"

मम्मी झाडाखालून उठून आली होती. तिने डबा टेबलावर ठेवला आणि तीही माझ्याकडे बघायला लागली. तिलाही हा प्रश्न होताच.

माझं उत्तर तयार होतं. दोन महिन्यांत मी ते इव्हानला, जितेंद्रभाईंना, मीरा रोडच्या मामांना दिलं होतं. क्लच. पुढच्या दांड्याचा कोन. एकही रेघ उगाच नसणं. मी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि सांगायला सुरुवात केली.

"साहेब, हिच्या क्लचमध्ये अशी सोय आहे की..."

पुढचं आलं नाही. मी परत सुरुवात केली. "गिअर एकदम..."

"असू दे, मॅडम," साहेब म्हणाले. "घाई नाही."

मागे तिघेजण रांगेत होते, हातात हेल्मेट धरून. मला एकेचाळीस वर्षं पूर्ण झाली आहेत. मी त्या सगळ्यांसमोर, सरकारी टेबलाला धरून, मम्मीकडे बघत म्हणाले,

"मला माझे डॅडी पाहिजेत."